रोखलेला निरोप

आश्विनातल्या त्या सकाळी पुढच्या मेंढीच्या गळ्यातला पट्टा नेहमीसारखा बोलला, "आज दिवसभर कोरडे हवामान." पट्टा ऋतुपारखी यंत्रणेचा होता. उपग्रह, टिटव्यांच्या पायांतल्या कड्या आणि वारुळांत पुरलेले यंत्राचे कान यांच्याकडून ही यंत्रणा माहिती गोळा करायची आणि कोसाकोसाचा वेगळा अंदाज सांगायची. तीन वर्षांत तो क्वचितच चुकला होता.

चांगुणा कोळेकर पट्ट्याकडे बघतसुद्धा नव्हती. मेंढ्या चरायच्या सोडून एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभ्या होत्या. मुंग्या तोंडात अंडी धरून बाभळीवर चढत होत्या. वारा पूर्वेचा होता आणि त्याला ओल्या मातीचा वास होता. पंचावन्न वर्षांत हे तिन्ही एकाच सकाळी तिने दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत घाटाकडे ढग फुटला होता.

तिची धाकटी बहीण सावित्रा दोन कोस खाली, मांगी नदीच्या पात्रातल्या वाळूवर तळ टाकून होती. चांगुणाने फोन तोंडाशी धरला. "सावे, घाटाकडं ढग फुटनार हाय. मेंढरं घिऊन आत्ताच्या आत्ता वर चढ. भांडीकुंडी ऱ्हाऊ दे."

निरोप गेल्याची खूण दिसली, आणि ती आपला कळप टेकडीवर न्यायला वळली.

दुपारी एकच्या सुमारास नदी पाण्याचा लोंढा घेऊन आली. पाऊस अजून कुठेच नव्हता, वर ऊन होतं. सावित्राचा नवरा धुळा कोकरं शोधायला काठावर गेला होता, म्हणून वाचला. सावित्रा तिसऱ्या दिवशी सापडली.

माती दिल्यावर धुळाने चांगुणाला एवढंच विचारलं, की तुला कळलं होतं, मग सांगितलं का नाहीस. तिने आपला फोन त्याच्यापुढे धरला. तेव्हा पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं, की गेल्याच्या खुणेखाली बारीक अक्षरांत काहीतरी आहे. तिला वाचता येत नव्हतं. धुळाने अडखळत वाचलं, "अप्रमाणित हवामान अंदाज. निरोप रोखला आहे."

ती एसटीने जिल्ह्याला गेली. ऋतुपारखीच्या केंद्रात डॉ. केतकी खांबेटे होत्या. तीन वर्षांपूर्वी याच केतकीने चाळीस दिवस तळावर राहून चांगुणाचा शब्दन् शब्द ध्वनिमुद्रित केला होता. यंत्र मेंढ्यांची चाल ओळखायला शिकलं ते त्यावरूनच. चांगुणाला दारात पाहून केतकी उठून उभी राहिली.

चांगुणा बसली नाही. निरोप का रोखला, एवढं सांगा, म्हणाली.

केतकीने सावकाश समजावलं. पूर्वी एकदा वादळाच्या अफवेने पुलावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली होती. तेव्हापासून हवामानाचा कोणताही खासगी निरोप चाळणीतून जातो, आणि अधिकृत अंदाजाशी जुळला नाही तर थांबतो. बोलता बोलता तिने त्या दिवसाची नोंदवही पडद्यावर उघडली आणि खाली खाली वाचत गेली.

"काय लिवलंय?" चांगुणाने विचारलं.

केतकीला ते वाचून दाखवायला वेळ लागला. निरोप चाळणीत अडकला होता, पण वाया गेला नव्हता. अनुभवी निरीक्षकाचा संकेत म्हणून यंत्राने तो स्वतःसाठी ठेवून घेतला होता. त्याच्या भरवशावर अतिवृष्टीची शक्यता बारा टक्क्यांवरून चौसष्टवर नेली आणि मांगी नदीवरच्या भरलेल्या धरणाला पाणी सोडून जागा करायला सांगितलं. साडेबाराला दरवाजे आपोआप उघडले. नोंद असलेल्या अकरा गावांत भोंगे वाजले. संध्याकाळी खरोखरच ढग फुटला, आणि आधी पाणी सोडलं होतं म्हणून धरण तगलं.

"तुमच्यामुळे चाळीस हजार माणसं वाचली, मावशी," केतकी हलक्या आवाजात म्हणाली.

चांगुणाने दोन्ही हात टेबलावर टेकले. आवाज चढला नाही.

"माजं बोलनं खोटं म्हनून माज्या भैनीला दिलं न्हाई. आन् खरं म्हनून धरनाला दिलं. माज्या तोंडच्या शबुदानं तिच्यावर पानी सोडलं तुमी."

केतकीने मान खाली घातली. ती म्हणाली, की मी वर लिहिते, तुम्हाला प्रमाणित निरीक्षक करून घेते, मग तुमचा निरोप कोणी रोखणार नाही.

"माजा एकटीचा," चांगुणा म्हणाली. "आन् धुळाचा? बाकीच्या बायांचा? त्येंनी बी तुमच्याकडं येऊन आपलं मढं दाखवायचं का?"

तिला या बाईची चीड येत होती, आणि चाळीस दिवस तिला भाकरी करून घातल्याची त्याहून जास्त. मेंढी कधी थबकते, मुंगी कधी चढते, सगळं आपणच सांगितलं. लेकीला सांगावं तसं सांगितलं.

केतकी अचानक खुर्ची ओढून यंत्रापुढे बसली. निदान पुढच्या वेळी दरवाजे उघडण्याआधी भोंगा तळांपर्यंत पोचावा, म्हणून मांगी नदीकाठचे सगळे तळ यादीत घालायला हवे होते. धरणापासून संगमापर्यंतचा काठ तिने पडद्यावर घेतला आणि तिथे राहणाऱ्या माणसांचा आकडा मागितला. यंत्राने गावं वगळली, पात्र आणि दोन्ही काठ तपासले, आणि उत्तर दिलं.

मानवी वस्ती : ०

चांगुणाला अक्षरं येत नव्हती, पण तो वाटोळा आकडा तिला ओळखता आला. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "ह्यात माजी सावी मेल्याची तरी नोंद हाय का?"