धुक्याची एक ओळ

वेस डॅनेक मला पहिल्यांदा भेटला तो संसदेखालच्या भुयारात धावणाऱ्या त्या खेळण्यासारख्या गाडीत. बाहेर मार्चचा पाऊस, माझ्या केसांतून पाणी निथळतंय, आणि शेजारचा हा उंच मुलगा बिनदिक्कत माझ्या हातातला कागद वाचतोय!

"'अभिमान' तीनदा आलाय," तो म्हणाला.

"दुसऱ्याचे कागद वाचायची सवय जुनी आहे का?"

"दुसऱ्याचा कुठे? खाली माझ्या साहेबांचं नाव आहे की."

होतं खरं. मी विस्कॉन्सिनच्या सेनेटर ॲमंडसनबाईंची प्रसिद्धी सांभाळायचे आणि तो आमच्याच राज्यातल्या, पण विरोधी पक्षाच्या खासदारांची. एरवी हे दोघे एकमेकांचं तोंडही बघायचे नाहीत. पण हवाईदलाची नवी लढाऊ विमानं आमच्या लार्कमूरच्या तळावर यावीत म्हणून दोघांनी हातात हात घातले होते. शर्यतीत आता दोनच तळ उरले होते... एक आमचा, एक मिशिगनचा. हरणाऱ्या सेनेटरने जिंकणाऱ्याला आपल्या राज्याची खासियत पाठवायची, अशी पैजही लागली होती; आमच्याकडून चीज, त्यांच्याकडून चेरी. निर्णय कधीही येईल, म्हणून संयुक्त निवेदनाचे दोन मसुदे तयार ठेवायचे होते. एक विमानं मिळाली तर, दुसरा हुकली तर. दोन्ही कार्यालयांनी 'मंजूर' म्हटल्याशिवाय एक अक्षरही बाहेर जायचं नाही, हा रिवाज.

मग काय, रोज दुपारी तळघरातल्या कॅन्टीनमध्ये पांढऱ्या घेवड्याचं सूप आणि आम्ही दोघं.

"ब्रिटा, ही ओळ फार रडकी आहे."

"हरल्यावर हसायचं असतं का?"

"तू हस ना... तुझं हसणं वेगळंच असतं," असं म्हणून तो पटकन सुपात चमचा घालायचा. मी तोंड वाकडं करायचे आणि दिवसभर तेवढंच आठवत बसायचे. खरं सांगू? विमानं कुठेही जावोत, मला हा मुलगा हवा होता.

आणि तेवढ्यात ती उगवली. कमिल थिबो. मिशिगनच्या सेनेटरची प्रसिद्धी सांभाळणारी, म्हणजे आमची उघड शत्रू. एका दुपारी वेस म्हणाला, "आज जेवायला जमणार नाही गं," आणि तासाभराने मला तो संगमरवरी जिन्यापाशी दिसला. तिच्यासोबत! ती त्याच्या तळहातावर चॉकलेटमधल्या चेरी ठेवत होती. एक... मग आणखी एक. आणि हा खात होता! माझ्यासमोर गोड नको म्हणणारा माणूस!

पुढचे दोन दिवस तेच.

"चेरी कशा होत्या?" मी विचारलंच.

तो दचकला. "कुठल्या चेरी?... हां, त्या. बऱ्या होत्या."

"मिशिगनचं सगळंच बरं असतं वाटतं."

"ब्रिटा, ते... आत्ता सांगता येत नाही. थोडे दिवस थांब."

थोडे दिवस! कशासाठी थांबायचं? लग्नपत्रिका छापून येईपर्यंत?

शुक्रवारी हवाईदलाचा फोन आला. मिशिगन जिंकलं. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "पाठव ते निवेदन." हरल्याचा मसुदा समोर होता, दोन्हीकडून कधीच मंजूर झालेला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो तळहात आणि त्या चेरी. मी एक ओळ घातली — 'जिथे अर्धं वर्ष धुक्यात शेजारचा दिसत नाही, तिथे विमानं उतरवण्याचा निर्णय आमच्या समजण्यापलीकडचा आहे.' आणि कुणालाही न विचारता पाठवून दिलं.

थोड्याच वेळात वेस दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"ही ओळ कुठून आली?"

"का? तिला झोंबली?"

"कमिलला? अगं, मी तिच्याशी तह करत होतो! जो हरेल त्याने जिंकलेल्याला नावं ठेवायची नाहीत आणि जिंकलेल्याने पुढच्या खेपेला हरलेल्याला पाठिंबा द्यायचा. हवेतच इंधन भरणाऱ्या विमानांचा निर्णय अजून व्हायचाय. लार्कमूरच्या हातात आता तेवढंच आहे. गुप्त ठेवायची शपथ होती, म्हणून तुलाही बोललो नाही."

"आता मी... माझी नोकरी..."

"तुझ्या बाईंना सांगितलंय, ओळ मी मंजूर केली म्हणून. साहेब ओरडले. ओरडू देत." तो वळला आणि निघून गेला.

वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज. मी सरळ बाईंकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "पैजेचं चीज पोचवायचंय ना? जा, तूच पोचव. आणि माफी मागितल्याशिवाय परत येऊ नकोस."

चीजची ती भलीमोठी चकती छातीशी धरून मी मिशिगनच्या कार्यालयात शिरले. कमिल टेबलापलीकडे, आणि शेजारी... वेस. तोही माफी मागायलाच आला होता.

"ओळ माझी होती," मी दारातूनच म्हणाले. "त्याने मंजूर केली नव्हती. मला तुमचा हेवा वाटला. विमानांचा नव्हे."

कमिलने आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली. "धुकं आहे गं आमच्याकडे, खोटं कशाला बोलू! तह कायम. चीज ठेव आणि याला घेऊन जा. तहाच्या एका कलमामागे दहा वेळा तुझं नाव घेतो. मी कंटाळले!"

बाहेर जिन्यापाशी आम्ही थांबलो. त्याचे कान लाल झाले होते.

"माझेही दोन मसुदे होते," तो हळूच म्हणाला. "मनातल्या मनात. एक तू हो म्हणालीस तर... एक नाही म्हणालीस तर. दुसरा काही केल्या जमेना."

"पहिला ऐकव."

"ब्रिटा, माझं तुझ्यावर प्रेम आहे. एवढाच आहे. पण संयुक्त आहे... तुझ्या होकाराशिवाय बाहेर जाणार नाही."

"एक ओळ घालायची आहे," मी म्हणाले.

तो घाबरला. "पुन्हा?"

"यापुढे चेरी फक्त माझ्या हातून."

त्याने माझा हात हातात घेतला आणि अगदी कामकाजाच्या आवाजात म्हणाला, "मंजूर."

"मंजूर," मी म्हणाले.