मागच्या खोलीतलं पाणी

त्या शहरात घर मिळायचं ते एका अटीवर. मागची खोली माणसांची नाही. तिच्या बाहेरच्या भिंतीत झरोका असे, त्यातून जे यायचं ते येई. कुणाकडे वटवाघळं, कुणाकडे घुबड. आपण दाराखालच्या झडपेतून पाणी सरकवायचं, दार वाजवायचं, नि मागे फिरायचं. बघायचं नाही.

शिंपीणबाईच्या खोलीत कोण होतं देव जाणे. नवरा गेला, लेक परमुलखात रमली. बोलायला उरलं ते हे दार. रोज बोटातल्या अंगुस्तानानं टक्‌टक् करून ती म्हणे, "पाणी ठेवलंय गं बाई." मग आतून लपलप ऐकू येई. तेवढ्यावर बाईचा दिवस निघे.

एक दिवस सकाळी घरांची पाहणीवाली आली. "मावशी, मागची खोली रिकामी दिसते."

"तुझ्या डोक्यासारखी? राहतं तिथं कुणीतरी!"

"संध्याकाळी ऐकून जाते. काहीच नसेल तर घर सोडावं लागेल हो."

बाईनं दुपारभर दम धरला. मग उठली आणि कधी नव्हे ते दार उघडून आत गेली.

धुळीवर एक पाऊल नाही. झरोका कुंभारीण माशीनं चिखलानं पार लिंपून टाकलेला, तोही वाळून दगड झालेला. मग इतकी वर्षं पाणी पीत कोण होतं?

मागे दार लागलं. आतून उघडायला कडी नव्हतीच. जनावराला कडी कशाला?

अंधार. ओल्या मातीचा वास. तिनं हाका मारल्या, घसा कोरडा पडेतो मारल्या… आवाज जणू धुळीतच जिरत होता. आणि बाहेर, तिच्या बैठकीत, शिलाईमशीन सुरू झालं.

थोड्या वेळानं ते थांबलं. पावलं आली.

टक्‌टक्.

तिनं आपलं बोट चाचपलं. अंगुस्तान बोटातच होतं.

बाहेरून झडप उचलली गेली. वाडगं आत सरकलं. "पाणी ठेवलंय गं बाई…"

आवाज तिचाच होता. अगदी तिचाच.

तहान अशी लागली होती की हात लावायचंही भान राहिलं नाही. बाई ओणवी झाली, तोंड घातलं. लपलप. लपलप. आणि तो आवाज तिनं ओळखला.

दारापलीकडे पाहणीवाली हसली. "मावशी, आहे की हो खरंच कुणीतरी!"

"मग? मी काय खोटं बोलते होय?"

"दिसतं तरी कसं?"

"बघायचं नसतं गं… चल, चहा टाकते."