मुक्या खोलीतली कॉफी

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, हे अप्पाजी आधीच सांगून टाकायचा. मग सांगायचा, आणि सांगता सांगता एखादा वाघ, एखादा पूर पदरचा घालायचा. तीस वर्षं बस चालवलेला माणूस; रस्ता सरळ असला तरी त्याच्या गोष्टीला वळण लागायचंच. सप्तापूरच्या मुक्या खोलीबद्दल मात्र त्यानं सगळं खरं सांगितलं. एक वाक्य सोडून.

हुबळीच्या पद्मा कांबळे टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन खाजगी तपास करायच्या. त्यांची गाडी अप्पाजी चालवायचा. श्यामला हुद्दार त्यांच्याकडे आली, तेव्हा तिच्या वडिलांना जाऊन चार दिवस झाले होते.

"लोक म्हणतात, अण्णांनी पेपर विकला," ती म्हणाली. "विकला आणि धसका घेऊन मेले. समाचारालासुद्धा कुणी आलं नाही हो."

प्रभंजन हुद्दार फिजिक्सचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर एका नोकरभरतीचा पेपर काढायचे. त्यासाठी त्यांनी परसातल्या गॅरेजला भिंती, छत, दार असं सगळीकडून तांब्याच्या जाळीचं अस्तर लावून घेतलं होतं. आत रेंज येत नाही, पेपर बाहेर जात नाही, आणि डोक्याला शांतता. गल्लीत तिला मुकी खोली म्हणत. मंगळवारी सहा वाजता सर तिथं मेलेले सापडले. दम्याचा झटका. बुधवारी सकाळी पेपर सप्तापुरातल्या पोरांच्या फोनवर फिरत होता.

अप्पाजीनं खोलीत शिरून फोन वर धरला. दार लावलं, रेंज गेली. बोटभर उघडलं, रेंज हजर.

"अय्यो! फट पडली की शिरलीच की!"

पद्माबाई बाहेरची कडी बघत होत्या. दाराला नवा लाल रंग होता. कडीच्या दांड्यावरचा तेवढा खरवडून निघाला होता.

"आतून कडी नाही?"

"दमेकऱ्याला कशाला? मीच बसवू दिली नाही," श्यामला म्हणाली. "बाहेरची रात्री कुलूप घालायला."

"दम्याचा पंप?"

"कायम कोटाच्या खिशात. त्या दिवशी जेवायच्या टेबलाखाली सापडला. पडला असेल. निखिल जेवायला होता, गप्पा रंगल्या होत्या."

निखिल म्हणजे सरांचा पुतण्या. सुभाष रोडवर त्याचा परीक्षांचा क्लास होता.

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

श्यामलानं आपला फोन उघडून पुढं केला. "रोज चारला मी 'चहा टाकू?' असा मेसेज पाठवायची. अण्णा आत असले की एक टिक. दार उघडलं की दोन टिक. दोन दिसल्या की मी आधण ठेवायची. त्या दिवशी चहापूड संपली होती, म्हणून लिहिलं, 'आज कॉफी चालेल?' दोन टिक आल्या, मी कॉफी केली. ते आलेच नाहीत. वाटलं, परसात फिरत असतील. पावणेसहाला मोरीत ओतून दिली. हे कुणाला बोलले नाही मी. काय बोलायचं?"

पद्माबाईंनी मेसेजवर बोट दाबून धरलं. पोचल्याची वेळ होती पाच वीस.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी फौजदाराकडून मिळालेला कागद अप्पाजीला दाखवला. सरांचा फोन कोटाच्या आतल्या खिशात सापडला होता, खिशाचं बटण लावलेलं. आणि त्या फोनवरून चार पस्तीस ते चार पन्नास अकरा वेळा श्यामलाचा नंबर फिरवलेला. एकदाही न लागलेला.

अप्पाजीनं कागद घडी करून परत दिला.

"हे तिला माहीत नाही," पद्माबाई म्हणाल्या. "तुम्हीही बोलू नका."

जाळी बसवणारा गोविंद आपल्या वर्कशॉपात भेटला. विचारायच्या आधीच तो रडवेला झाला.

"माझ्या रंगाच्या वासानंच सर गेले काय हो, अक्का? साडेतीनला रंग मारून मी हुबळीला गेलो. दाजीबानपेठेत मेव्हणीच्या लग्नाचं कापड घेत होतो सातपर्यंत. दुकानदाराला विचारा पाहिजे तर."

"कडी रंगवलीस तेव्हा उघडी होती?"

"हौदु, उघडीच. सर आत लिहीत होते, लावीन कशी?"

"मंगळवारीच रंगवायला कुणी सांगितलं?"

"निखिल सरांनी. गंज चढलाय म्हणाले."

निखिल क्लासमध्ये होता, डोळे सुजलेले.

"चार ते पाच मी शिकवत होतो, चाळीस पोरं साक्षीला आहेत. सहाला काकांकडे गेलो, दार ढकललं, तर खाली पडलेले. श्यामलाक्काला हाक मारली."

"सरांचा फोन कुठं होता?"

"मी पाहिलाच नाही. कुणाचं लक्ष असतं तेव्हा?" त्यानं नाक पुसलं. "अक्काचं वाईट वाटतं. बिचारीनं कॉफी केली, तीही काकांच्या पोटात गेली नाही."

"खरंय," पद्माबाई म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुद्दारांच्या सोप्यात फौजदार, निखिल, गोविंद आणि श्यामला बसले. अप्पाजी दारात उभा.

"पेपर सरांनी विकला नाही," पद्माबाईंनी सुरुवात केली. "पाच वीसला दार उघडलं, म्हणून दोन टिक आल्या. तोवर सर गेलेले होते. मग उघडलं कुणी? गोविंद तेव्हा दाजीबानपेठेत. मी दुकानदाराला विचारलं. त्याआधी बाहेरून कडीही कुणीतरी लावली होती. रंग ओला असताना कडी सरकवली, म्हणून तो खरवडला. रंग साडेतीनचा."

"चारला मी क्लासात होतो!" निखिल म्हणाला.

"कोंडणाऱ्याला तिथं थांबावं लागत नाही. पंप जेवतानाच काढून घेतलास. दम्याला चेव यावा म्हणून रंग मारवून घेतलास. गोविंद गेल्यावर कडी लावून शिकवायला गेलास. बाकीचं खोलीनं केलं. पाच वीसला येऊन पेपरचे फोटो काढलेस, आणि कडी काढून ठेवून सहाला परत आलास, गळा काढायला."

"यातलं एक तरी सिद्ध करा."

"कॉफी."

पद्माबाईंनी श्यामलाचा फोन निखिलपुढं धरला.

"या घरात रोज चहा होतो. कॉफीचं फक्त त्या मेसेजात होतं. श्यामला कुणाला बोलली नव्हती, तरी काल तू मला कॉफी म्हणालास. तू दार उघडलंस, रेंज आत शिरली आणि मेसेज फोनवर उजळला. तू वाचलास, फोन सरांच्या खिशात घातलास आणि बटण लावलंस. मग मला सांगितलंस, फोन पाहिलाच नाही."

इथं पद्माबाईंनी एक पायरी गाळली, अकरा वेळा फिरवलेल्या नंबराची. अप्पाजीच्या ते लक्षात आलं.

फौजदारानं निखिलचा दंड धरला. निखिल तोंडातल्या तोंडात म्हणाला, "दोन वर्षं एक पोरगं पास झालं नाही माझं. काकांनी दोन प्रश्नसुद्धा सांगितले नाहीत."

सोपा रिकामा झाल्यावर श्यामलानं विचारलं, "अण्णांना फार त्रास झाला का हो?"

पद्माबाई खिडकीकडे वळल्या. मग अप्पाजी पुढं झाला. त्याला हे जमायचं.

"छे ग बाई! माझे आजोबा असेच गेले, रोट्टी खाता खाता. सरांच्या हातात पेन होतं, कागदावर डोकं टेकलं, झालं. दार बाहेरून बंद आहे हेसुद्धा कळलं नसेल त्यांना."

श्यामला ऐकत होती. तिचा हात साडीच्या काठावर थांबला.

"फोन निखिलनं खिशात घातला ना?"

"हो."

"म्हणजे आधी तो खिशात नव्हता." ती अप्पाजीकडे बघत राहिली. "खोटं बोलताय, अप्पाजी. पेन नव्हतं त्यांच्या हातात. किती वेळा फोन लावला त्यांनी मला?"