अर्थ ओला ठेवा

रेडिओची जमिनीतली तार जाईच्या मुळाशी पुरावी, हे सारानेच ठरवले होते. दौंडचे अयुबमिस्त्री रात्री दुकान आवरून पोरांना ही हकीगत सांगत, तेव्हा आरंभ येथूनच करीत. दोष आपल्या तारेवर येऊ नये, असे त्यांना वाटे.

सारा शिरूरला मिशनच्या शाळेत शिकवीत असे. तिचा नवरा शमुवेल दवाखान्यात कंपाउंडर. त्याने बॅटरीवरचा रेडिओ घेतला, तेव्हा एरियल आणायला ती स्वतः दौंडला गेली. मिस्त्रींनी एकेरी तार आणि जाळीची रुंद पट्टी, दोन्ही समोर ठेवल्या. साराने पट्टी निवडली. ती रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसली असती.

मिस्त्रींनी शिरूरला येऊन दोन बांबूंमध्ये पट्टी ताणली. आता दुसरी तार जमिनीत पुरायची होती. तिला ते ‘अर्थ’ म्हणत.

“अर्थ कवाबी सुकू देऊ नका, बाई. ओला असला म्हंजी आवाज साफ येतो.”

“अर्थ शब्दाला असतो, मिस्त्री. तो ओला कसा होईल?”

“आमच्या धंद्यात व्हतो.”

मोरीजवळची जागा त्यांना पसंत होती. साराने जाईकडे बोट दाखवले.

ती जाई कृपाबाईने लावलेली. कृपाबाई ही शमुवेलची पहिली बायको. तिला जाऊन तीन वर्षे झाली होती. तरी शमुवेल रोज संध्याकाळी जाईला तांब्याभर पाणी घाली आणि तेथे उभा राही. ते उभे राहणे साराला सोसवत नसे. त्यात सासू भागुबाई एकदा म्हणाल्या, “कृपा पाणी घालून तांब्या पालथा ठेवायची. धूळ बसत न्हाई.” तेव्हापासून सारा तांब्या मुद्दाम सुलटा ठेवू लागली.

तार पुरताना जाई उपटली गेली. शमुवेलने पाहिले आणि तो तसाच कामावर निघून गेला. पुन्हा त्याने तांब्याला हात लावला नाही. पाणी आता सारा घालू लागली, आपल्या रेडिओला.

१९६१ सालचा नाताळ सोमवारी आला. आदल्या रविवारी रात्री सगळे गाणी म्हणायला चर्चमध्ये गेले. सारा तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. ती एकटीच घरी राहिली. तितके दिवस अर्थाला पाणी पडले नव्हते. रेडिओ खरखरत होता. गाणे वर येई, पुन्हा बुडे.

उठून पाणी घालावे, असे तिच्या मनात आले.

तोच मागच्या अंगणात पिंपात तांब्या बुडाल्याचा आवाज झाला. मग माती पाणी पिऊ लागली... आणि खरखर थांबली. गाणे स्वच्छ झाले.

शमुवेल मध्येच उठून आला असावा. चोरून. त्या पहिलीसाठी. साराच्या अंगाची लाही झाली.

“अहो, पाणी कुणाला घालताय?”



तिने रेडिओ बंद केला. दूर चर्चमधले गाणे ऐकू येत होते. त्यात सर्वांत वरचा आवाज... शमुवेलचा.

पुन्हा तांब्या बुडाला.

ती कंदील घेऊन दारात गेली. कोणी नव्हते. माती काळी. ओली. कडेला तांब्या...

पालथा.

नाताळचे जेवण झाल्यावर साराने नवऱ्याला आणि सासूला सगळे सांगितले. मग ठरले, की अर्थ मोरीजवळ न्यावा आणि त्या जागी जाईची नवी फांदी लावावी. पाणी मात्र साराने घालावे, शमुवेलने तेथे उभे राहू नये. ही अट साराची. शमुवेल ‘बरं’ म्हणाला. भागुबाईंनी मान डोलावली. त्याच आठवड्यात मिस्त्रींनी येऊन अर्थ हलवला.

त्या संध्याकाळी साराने नव्या फांदीला पाणी घातले. तांब्या घरात आणून कोरडा पुसला, आपल्या खाटेखाली सुलटा ठेवला आणि दाराला आतून कडी घातली.

दोघांची संमती होती. तिसरीचे मत सकाळी कळले.

कडी तशीच होती. खाटेखालची फरशी ओली होती... आणि तांब्या पालथा.