ठिपक्याला चुकलेल्या रेघा

आठ दिवस झाले, तरी चिमणदादाला एकही जड क्वार्क (पदार्थाच्या मूलकणांतली एक वजनदार जात) सापडेना. चिमणदादा म्हणजे सह्याद्रीच्या पोटातल्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव. तिथे अतिसूक्ष्म कण प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळवत आणि तो त्या टकरींची चित्रं तपासत असे.

"इथला वेग बेताचा, म्हणून जड क्वार्क दुर्मिळच," शास्त्रज्ञ विशाखाआत्या म्हणाली. "पण कोटी टकरींत दहा-वीस तरी दिसायला हवेत. उद्या चिमणदादाला मोडीत काढतील."

बारा वर्षांच्या शर्वरीनं चिमणदादाकडे पाहिलं. सुट्टीत जुन्या प्रयोगांची निवडक दोनशे चित्रं, म्हणजे कणांच्या वाटा दाखवणाऱ्या रेघा, तिनंच आखली होती. तीच चित्रं पाहून चिमणदादा शिकला होता.

"आत्या, सगळ्या रेघा टकरीच्या ठिपक्यातूनच निघतात ना?"

"असं बघ. शाळा सुटली, मातीत पावलं उमटली. माग काढत मागे गेलं, तर बहुतेक फाटकाशी पोचतात. चौघांची मात्र कोपऱ्यावरच्या चिंचेपाशीच सुरू होतात. का?"

"ते तिथवर रिक्षानं गेले असतील."

"बरोबर. जड क्वार्क टकरीत जन्मतो. तो ज्या कणात बसतो, तो कण जेमतेम काही मिलिमीटर जाऊन फुटतो. मग नव्या रेघा ठिपक्यापासून नाही, त्या बाजूच्या जागेपासून निघतात. तीच त्याची खूण."

शर्वरीचे कान तापले. सात-आठ चित्रांत रेघा ठिपक्याला चुकत होत्या. आपलाच हात हलला असं समजून तिनं त्या ओढूनताणून ठिपक्याला जोडल्या होत्या. वर नीटनेटकेपणाची शाबासकीही घेतली होती. आता गप्प बसलं, तर खापर चिमणदादावर फुटणार होतं.

"चूक त्याची नाही. माझी आहे," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

आत्या रागावली नाही. शर्वरीला तेच जास्त लागलं. आत्यानं 'चुकांची वही' पुढे सरकवली. ज्याची चूक, त्यानंच ती लिहायची आणि सकाळच्या चहाला सगळ्यांसमोर वाचायची, अशी तिथली रीत होती.

सकाळी चाळीस माणसांपुढे तिनं वही उघडून वाचलं. "मी रेघा ठिपक्याला जोडल्या. त्या मुळात तशा नव्हत्या." लाजेनं तिची मान वर होईना.

एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी कप खाली ठेवला. "पोरी, या वहीचं पहिलं पान माझं आहे," ते म्हणाले.

तिनं सारी चित्रं पुन्हा आखली, चिमणदादा पुन्हा शिकला. चौथ्या दिवशी त्यानं एक ताजं चित्र पुढे धरलं. ठिपक्यापासून तीन मिलिमीटरवर चार रेघा एकत्र येत होत्या.

"ही माझी चूक तर नाही ना?" त्यानं विचारलं.

शर्वरीचे कान पुन्हा गरम झाले. तिनं रेघांना हात लावला नाही.

"नाही," ती म्हणाली. "ही चिंच आहे."