गळावर बांधलेल्या अळ्या

पावसाळ्यात नदी गढूळ झाली की माझी मासेमारी बंद होते. मग मी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून माशांना भुलवायला गळावर खोटे किडे बांधतो. कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. निवृत्त झालो, पण बारीक बघायची सवय काही सुटली नाही.

स्टोनफ्लाय नावाची एक माशी असते. तिची अळी घाटाकडच्या ओढ्यांत दगडांना खालून चिकटून राहते. चपटी, तपकिरी, मागे दोन शेपट्या. मासे तिच्यावर तुटून पडतात. तशी अळी बांधायची म्हणजे गळ छोट्या व्हाइसच्या चिमट्यात पकडायचा, वजनाला शिशाची तार गुंडाळायची, वर तपकिरी दोरा, पायांना कोंबडीचं पीस. खरी अळी पुरती वाढली की पाण्याबाहेर येऊन दगडावर चढते. तिची पाठ उकलते, आतली माशी उडून जाते. टरफल तिथंच राहतं.

यंदा मी फार बांधल्या. चैत्रात माझ्या बायकोला, वर्षाराणीला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तिचा पलंग मी टेबलाशेजारी घेतला. काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून हातातलं कामच सांगत राहायचो. "हे बघ, आता पाय बसवतो." ती माझ्या बोटांकडे बघत पडून असायची.

ऑगस्टमधल्या एका सकाळी फळीवर वाळत ठेवलेली एक अळी हाताला हलकी लागली. भिंगाखाली धरली. पाठीवर मधोमध चीर. ब्लेडची नव्हे, कडा बाहेर वळल्या होत्या. आत तार नव्हती. गळही नव्हता. दोऱ्याची शेवटची गाठ मात्र जशीच्या तशी.

झुरळानं कुरतडलं असेल, असं मी ठरवलं. झुरळ लोखंड खात नाही, हे मला कळत होतं.

वर्षाला अंघोळ घालायला क्रांती नावाची बाई येते. दोनच दिवसांनी तिनं बाथरूममधून हाक मारली.

"काका, ह्ये तुमचं किडं भिंतीला कुणी चिकटवलं?"

नळाच्या वर, भिंतीच्या ओल्या टाइल्सवर, माझ्या अळ्या ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांची तोंडं वर. सगळ्यांच्या पाठी उकललेल्या.

क्रांती हात पुसत घुटमळली. "आणि एक सांगू? रागावू नका."

"बोल की."

"काकी लई हलक्या झाल्यात. आज एका हातानं उचललं मी."

डॉक्टर फोनवर म्हणाले, अशा पेशंटचं वजन उतरतंच.

मी सगळं सामान डब्यात भरून कपाटावर टाकलं. वर्षा बघत होती. संध्याकाळी तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि रिकाम्या टेबलाकडे मान वळवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढा एकच विरंगुळा होता तिला, तोही मी काढून घेतला होता. डबा खाली काढला. व्हाइस टेबलाला लावला तशी ती हसली. चैत्रानंतर पहिल्यांदा.

मी पुन्हा बांधायला लागलो.

मग तिची पाठ खाजायला लागली. दिवसभर गादीवर पाठ घासायची. मी पावडर लावायचो. कातडी कोरडी झाली होती, तपकिरी, टणक. मणक्यावरून बोट फिरवताना एक सरळ रेघ लागली. चादरीचा वळ असेल, म्हणून मी सोडून दिलं.

रविवारी क्रांतीची सुट्टी. दुपार असूनही दिवा लावावा लागला होता. खुर्चीत माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा चादर ओली होती. वर्षा माझ्याकडे तोंड करून कुशीवर होती. डोळे अर्धे उघडे.

"वर्षा?"

सरळ करायला खांद्याखाली हात घातला.

ती हाताबरोबरच वर आली. दोरीवरचं वाळलेलं लुगडं यावं तशी.

मी तिच्या पाठीकडे पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात लायटर वाजला. पातेल्यात पाणी पडलं. मग तिचा आवाज आला, स्वच्छ, आजारपणाच्या आधीचा.

"अहो, चहात आलं घालू न्हवं?"

माझा हात अजून खांद्याखालीच होता. हलवला की काहीतरी चुरचुरत होतं.

"घाल की," मी म्हणालो, आणि पलंगावर हळूच चादर ओढली.