स्पीकरमधून अण्णा बोलले

ही घटना खरी आहे. ज्यांच्या घरी घडली ते बापलेक, अण्णा आणि योगिनी, आजही पंचवटीत, त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. कुणाला विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. योगिनीचाही स्वतःवर बरेच दिवस विश्वास बसत नव्हता.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात असं आपण धरून चालतो.

ही मे महिन्यातल्या दुपारी घडली. जेवणं झाल्यावर. लख्ख उन्हात.

योगिनीचे वडील धोंडीराम. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. उभा जन्म त्यांनी भाजी मार्केटमध्ये लिलाव पुकारण्यात घालवला. आवाज असा की, या टोकाला अण्णांनी कोथिंबिरीची जुडी उचलली की त्या टोकाचा व्यापारी मान वर करायचा.

मग थंडीत एके दिवशी अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली.

आणि आवाज गेला.

कळायचं सगळं. पण तोंडातून एकच सूर निघायचा. "अंऽऽ". पाणी हवं असलं तरी "अंऽऽ", कंबर दुखली तरी "अंऽऽ".

योगिनी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. नोकरी सोडून ती घरी बसली. भाऊ चांदवडला असायचा. तो फोनवर म्हणायचा, "ताई, काही लागलं तर सांग." ती म्हणायची, "हो."

रात्री तीन-चारदा उठायचं. कूस बदलून द्यायची. "पाणी का? पंखा का? दुखतंय का?" असं एकेक विचारत बसायचं. अण्णांचा डावा हात चालायचा. त्यात आपला हात द्यायचा. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. डॉक्टरांनी मात्र सांगून ठेवलं होतं, की या आजारात माणूस कधीकधी हो आणि नाहीमध्येही गोंधळतो.

ती इतकी दमली होती की भाजी चिरताना डोळा लागायचा.

तेव्हा तिला ती कल्पना सुचली.

तिच्याकडे शिकवताना वापरलेला एक छोटा कॉम्प्युटर होता. पत्त्यांच्या कॅटएवढा, नुसता उघडा बोर्ड. त्याला मोठी रंगीत बटणं जोडायची, एक स्पीकर लावायचा. निळं बटण दाबलं की "पाणी". लाल दाबलं की "दुखतंय". अण्णांनी डाव्या हातानं दाबायचं आणि तिनं निदान ओळखत बसायचं नाही.

तिनं स्वतःच्या आवाजात शब्द रेकॉर्ड केले. बटणं जोडली. सगळं जमलं.

फक्त आवाज येईना.

वायर बदलली. स्पीकर बदलला. आवाज वाढवून पाहिला. काही नाही. रोज दुपारी अण्णा जेवले की ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशेजारी बसायची आणि रोज तेच. बटण दाबलं की लॅपटॉपच्या स्क्रीनवर ओळ उमटायची, फाइल वाजतेय म्हणून... आणि खोलीत शुकशुकाट.

शेवटी तिनं मुझफ्फरला फोन केला. तो कॉलेजातला मित्र. मेनरोडजवळ त्याचं रिपेअरिंगचं दुकान होतं.

"अगं, आवाज निघतोय," तो म्हणाला. "पण चुकीच्या दारानं. या बोर्डांची खोडच असते. त्याला वाटतं टीव्ही लावलाय, म्हणून सगळा आवाज टीव्हीच्या वायरीकडे ढकलतो."

"टीव्ही लावलेलाच नाहीये रे."

"तेच ना यार. सेटिंगमध्ये जा, हेडफोनचं भोक निवड आणि सेव्ह कर. नाहीच जमलं तर मी दुकान बंद करून येतो."

तिनं सेटिंग बदललं. तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. बोर्ड पॉवर बँकेवर होता, तो चालू राहिला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

अण्णा खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. घामेजलेले.

तिनं निळं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं.

स्पीकरमधून... खरखर आली.

तिला इतका आनंद झाला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाजलं होतं. तिनं कान जवळ नेला. खरखरीच्या मागे आणखी काहीतरी होतं. क्रेट ओढल्यासारखं. दूरवर माणसांचा गलका असल्यासारखं.

मग तिच्या लक्षात आलं, की गॅलरीतली कबुतरं गप्प झालीत. खालचा रस्ताही. एक रिक्षा नाही, एक हॉर्न नाही.

नुसता स्पीकर.

आणि मग त्यातून कुणीतरी... खाकरलं.

योगिनीच्या अंगावर काटा आला. लिलाव सुरू करण्याआधी अण्णा असेच खाकरायचे.

"योगे..."

तोच आवाज. भरदार, किंचित घोगरा. तिच्या लहानपणापासूनचा.

"योगे, जेवली का गं तू?"

ती जेवली नव्हती. अण्णांना भरवता भरवता राहूनच गेलं होतं. आणि गेल्या कित्येक महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. ना भावानं, ना शेजाऱ्यांनी.

ती घाबरायला हवी होती. पण ती रडायला लागली.

"अण्णा? अण्णा, तुम्ही बोलताय?"

"लय दमली तू पोरी. बघतोय ना मी."

तिला वाटलं, चमत्कार झाला. कसा का होईना, अण्णांच्या मनातलं बोर्डात उतरतंय. असं होत नसतं, हे कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. पण महिनोन् महिने झोप नसलेल्या माणसाला काय कळतं?

तिनं हसत अण्णांकडे पाहिलं.

अण्णांचे डोळे विस्फारले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते... स्पीकरकडे बघत होते.

तिनं त्यांचा डावा हात हातात घेतला. "अण्णा, हे तुम्हीच बोलताय ना?"

अण्णांनी हात दाबला.

आणि पुन्हा दाबला.

नाही.

"अण्णा, नीट सांगा. तुम्हीच ना?"

दोनदा. जोरात. नखं रुतली.

"त्याला नको विचारू," स्पीकर म्हणाला. अगदी मायेनं. "त्याला आता काय कळतंय? हो का नाही, तेवढं बी समजत नाय. डॉक्टर बोलला ना?"

डॉक्टर बोलले होते. खरंच होतं ते.

"तू पड जरा. मी हाय ना हितं."

योगिनीचे पाय जड झाले. डोळ्यांवर झापड यायला लागली. कुणीतरी "मी आहे ना" म्हटल्यावर जशी येते तशी.

"फक्त एक कर. दाराची कडी काढून ठेव. मंग झोप."

अण्णांनी तिचा हात घट्ट धरला होता. "अंऽऽ... अंऽऽ..." सुरू होतं. तिनं एकेक बोट सोडवलं. "असू द्या अण्णा. आत्ता आले."

तिनं जाऊन कडी काढली.

येऊन खाटेजवळच्या गार फरशीवर आडवी झाली. स्पीकरमधून हळू आवाजात लिलाव सुरू झाला होता. "बोला... हिरवीगार हाय... बोला पुढं... बोला..." लहानपणी तिला झोपवताना अण्णा असंच पुटपुटायचे. पाठीमागे अण्णांचं "अंऽऽ" चालू होतं. ते तिला ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं.

तिला झोप लागली.

टेबलावरून काहीतरी धप्पकन पडलं आणि ती दचकून उठली.

अण्णा खाटेवर नव्हते.

आधाराशिवाय कुशीवरही वळू न शकणारा तो माणूस जमिनीवर पालथा पडला होता. खाटेपासून टेबलापर्यंत सरपटत गेला होता. कोपर सोलवटून रक्त आलं होतं. आणि डाव्या मुठीत स्पीकरची वायर होती. उपटलेली.

तरी खाली पडलेला स्पीकर बोलत होता.

"बोला... बोला पुढं... बोला..."

आता त्यात माया नव्हती. आणि आवाज नुसता स्पीकरमधून येत नव्हता. थोडा बाहेरच्या खोलीतूनही येत होता.

योगिनीनं मान वळवली.

दार सताड उघडं होतं.

उंबऱ्याच्या आत ऊन पडलं होतं. त्या जिन्यात कधीच ऊन येत नाही.

ती अण्णांवर अक्षरशः आडवी पडली. त्यांना मिठी मारून ओरडली, "नका येऊ! कुणी असाल ते, नका येऊ आत!"

क्षणभर काहीच नाही.

मग पंखा फिरायला लागला. लाइट आली होती. रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. स्पीकर गप्प होता. दार उघडंच होतं, पण जिन्यात नेहमीचा अंधार होता.

तिनं पुन्हा फोन केल्यावर मुझफ्फर आला, तेव्हा ती अण्णांना टेकवून जमिनीवरच बसली होती. त्यानं आधी अण्णांना उचलून खाटेवर घेतलं. कोपर धुतलं. चहा केला. मग सगळं ऐकून घेतलं. हसला नाही.

लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यानं सगळी सेटिंग तपासली.

"योगिनी," तो म्हणाला, "तू सेटिंग बदललंस, पण ते सेव्हच झालेलं नाही. लाइट गेली त्या गडबडीत राहून गेलं असेल."

"म्हणजे?"

"आवाज अजून टीव्हीच्याच वायरीकडे जातोय. या स्पीकरपर्यंत आजवर काहीच पोचलेलं नाही. येणं शक्यच नव्हतं."

तो बोर्ड त्यानं नेला. पुढे दुसरा आणून दिला. तो व्यवस्थित चालला. अण्णा निळं बटण दाबायचे, योगिनीच्या आवाजात "पाणी" ऐकू यायचं. पण प्रत्येक वेळी दाबण्याआधी त्यांचा हात हवेत थांबायचा.

गणपतीच्या सुमारास व्यायामानं अण्णांना थोडे शब्द यायला लागले. जड, तुटक. पूर्वीचा आवाज नाहीच. एका संध्याकाळी त्यांना बरं वाटत होतं, म्हणून योगिनीनं धीर करून विचारलं.

"अण्णा, त्या दिवशी... कोण होतं ते?"

अण्णांनी खिडकीबाहेरची नजर दाराकडे वळवली.

"आधी... बी... आला व्हता," ते म्हणाले.

"कधी?"

त्यांनी आपल्या लुळ्या उजव्या हाताकडे बोट केलं.

"तवा... दार... मीच... उघडलं."

योगिनीनं पुढे विचारलं नाही. झटका आला त्या दिवशी अण्णांनी कुणाचा आवाज ऐकून दार उघडलं असेल, हे तिला अजूनही विचारवत नाही. त्या वेळी ती शाळेत होती. घरी अण्णा एकटे होते.

ती अजून दमलेलीच आहे. पण दुपारी आडवी होत नाही. आणि अण्णा झोपले असताना दाराबाहेरून "योगे" अशी हाक आली, तर आधी खाटेपाशी जाऊन त्यांचे ओठ मिटलेत का ते बघते. मिटलेले असले, तर कडी काढत नाही.